बेळगावात जे मागतो, ते पिंपळनेरला द्या

प्रति,
मा. मंत्री, मराठी भाषा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : साक्री तालुक्यातील अहिराणी, कोकणी, मावची व भिल्ली बोलणाऱ्या नागरिकांशी शासनाने त्यांना कळेल त्या भाषेत बोलण्याबाबत.

महोदय,



भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे आधी बाजू विचारतात आणि मग म्हणणे ऐकतात. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, हे पत्र मराठीच्या विरोधात नाही. मराठी ही आमची शाळेची, वाचनाची आणि सहीची भाषा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद मुंबई-पुण्याइतकाच आम्हालाही झाला. प्रश्न त्यानंतरचा आहे. थोरपण मिळालेल्या भाषेने घरातल्या धाकट्या भाषांशी कसे वागावे, हे आता महाराष्ट्राला ठरवावे लागेल, आणि ते ठरवायला पिंपळनेर ही चांगली जागा आहे.

आमचे गाव धुळे जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, पांझरेकाठी. पूर्वेला साक्री-धुळ्याचा मुलूख, दक्षिणेला बागलाण, उत्तरेला नवापूर, आणि पश्चिमेचा डोंगर ओलांडला की गुजरातचा डांग. बाजाराच्या दिवशी इथे अर्धा तास नुसते उभे राहिले तरी कान तृप्त होतात. कांदा घेऊन आलेला शेतकरी आणि हमाल अहिराणीत बोलतात. कुडाशी-वार्शाकडच्या डोंगरातून उतरलेल्या बाया आपसात कोकणी बोलतात. ही गोव्याची कोकणी नव्हे, कोकणा आदिवासींची. शेजारच्या घोळक्यात भिल्ली चाललेली असते, नवापूरकडून आलेल्या पाहुण्यांची मावची असते, मेंढ्यांमागे फिरणाऱ्या ठेलाऱ्यांचे बोलणे आणखी निराळे. कापडाच्या दुकानात मारवाडी आणि गुजराती, मोहल्ल्यात उर्दू, मोबाइलच्या टपरीवर हिंदी. गुजरातेत ऊसतोडीला जाऊन आलेला गडी मुकादमाशी गुजरातीत हिशेब करतो, किराणावाल्याशी अहिराणीत घासाघीस करतो आणि घरी कोकणीत रागावतो. हे सगळे लोक चार-चार भाषांत व्यवहार करतात आणि त्याचे कुणाला अप्रूपही वाटत नाही.

हाच माणूस सरकारी खिडकीपाशी आला की गप्प होतो. सातबारा, वारसनोंद, वनहक्काचा दावा, निराधार योजनेचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी हे सगळे मराठीत असते, आणि तेही अशा मराठीत की बी. ए. झालेल्यालाही दोनदा वाचावे लागते. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की’ असे सुरू होणारे पत्र ज्याच्या हाती पडते, तो ते आधी शाळेत जाणाऱ्या नातीपुढे धरतो. तिला जमले नाही तर एजंटाकडे जातो. नात पैसे घेत नाही, एजंट घेतो. ‘माले समजनं नही’ एवढे तीन शब्द खिडकीवर बोलायची लाज वाटते आणि त्या लाजेवर एक अख्खा धंदा चालतो. भ्रष्टाचारावर बोलताना आपण टेबलाखालच्या हाताबद्दल बोलतो. भाषेची दलाली मात्र टेबलाच्या अलीकडे, उघड्यावर चालते आणि ती कुणाच्या हिशेबात नसते.

न्यायाने हेही सांगायला हवे की, अनेक तलाठी, परिचारिका, शिक्षक आणि एसटीचे वाहक आपण होऊन अहिराणीत बोलतात. इथलेच असले तर कोकणीतही बोलतात. कामे होतात ती त्यांच्यामुळे. पण हा त्यांचा चांगुलपणा झाला, शासनाचे धोरण नव्हे. त्यांची बदली झाली की तो चांगुलपणाही बदलून जातो. जे काम रोज आणि अत्यावश्यक आहे ते कुणाच्या स्वभावावर सोडायचे नसते.

यात जमिनीचाही प्रश्न आहे. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणजे १९९६चा पेसा कायदा इथे लागू आहे. गावाच्या साधनसंपत्तीबद्दल ग्रामसभेचे मत घ्यायचे, असे तो कायदा सांगतो. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तर गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदन हा पुरावा धरला आहे. आता पाहा, म्हातारा सांगणार कोकणीत, नोंदवणारा लिहिणार मराठीत, आणि वरच्या समितीत वाचले जाणार ते मराठी. नाल्याचे, झाडाचे, शिवेचे जे नाव म्हाताऱ्याच्या तोंडी असते ते कागदावर येईपर्यंत गळते, आणि पुढे ‘निवेदनात स्पष्टता नाही’ असा शेरा पडू शकतो. ग्रामसभेत ठराव वाचला जातो, हात वर होतात, अंगठे उमटतात. मात्र ठराव कोणत्या भाषेत समजावून सांगितला, हे इतिवृत्तात लिहिण्याची पद्धत नाही. न समजता दिलेल्या संमतीला आपण संमती म्हणत राहतो.

महोदय, या मुलखात राज्यकर्ते याहून शहाणे होऊन गेले आहेत. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख आपल्या खात्याला परिचित असेल. शके ११२८चा, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सामंतांनी त्याला उत्पन्न लावून दिले. लेखात राजांची आणि विद्वानांची स्तुती आहे, ती संस्कृत श्लोकांत. पण लेख शेवटाकडे येतो, बाजारातल्या मालावर, गिऱ्हाइकावर, तेलाच्या घाण्यावर काय द्यायचे हे सांगायची वेळ येते, तिथे भाषा बदलते आणि त्या काळची मराठी सुरू होते. स्तुती समजली नाही म्हणून तेल्याचे काही बिघडणार नव्हते. घाण्यावरचे देणे मात्र त्याला समजायलाच हवे होते. म्हणून ज्याच्या खिशाला हात घालायचा त्याच्या भाषेत दगडावर अक्षरे कोरली. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेख बसवला गेला. म्हणजे एका कामाला एकच भाषा, हा हट्ट खानदेशाचा जुना नाही.

आता तुम्हाला अडचणीचा वाटेल असा मुद्दा मांडतो.

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या मराठी माणसासाठी आपण काय मागतो? कर्नाटकाने त्याला सरकारी कागद मराठीत द्यावेत, फलक मराठीत असावेत, मुलांना मराठी शाळा असावी. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. तो निकाली निघेपर्यंतसुद्धा भाषिक अल्पसंख्याकांना संरक्षण मिळालेच पाहिजे, ही आपली भूमिका आहे आणि ती योग्य आहे. तिचा एक आधार असा की, एखाद्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य केले आहे. गोव्यात १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामासाठी मराठीही वापरता येईल अशी तरतूद त्याच कायद्यात राहिली. तिच्यासाठी मराठीप्रेमी आजही जागरूक असतात.

मग तोच १५ टक्क्यांचा गज साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात लावून बघा. कुडाशी किंवा वार्शाच्या परिसरात कोकणी बोलणाऱ्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या जवळ रेंगाळणारे नाही, पाड्यांवर तर मराठी बोलणाराच अल्पसंख्य ठरेल. बेळगावात जो हक्क आहे तो पिंपळनेरला आल्यावर लाड कसा ठरतो? उद्या बंगळूरने विचारले, तुम्ही तुमच्या राज्यातल्या कोकणांना आणि भिल्लांना काय दिलेत, तर आपण काय सांगणार?

बालभारती १९६७ पासून पाठ्यपुस्तके छापते. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा माध्यमांसाठी ती निघतात, आणि हे महाराष्ट्राचे मोठेपण आहे. सोलापूरच्या तेलुगू मुलाला, जतच्या कन्नड मुलाला त्याच्या भाषेत पुस्तक मिळाले. या यादीत आदिवासींची एकही भाषा नाही, कारण त्यांच्या पाठीशी शेजारचे राज्य नाही.

गेल्या वर्षीचा वाद आठवा. १६ एप्रिल २०२५च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली, जूनमध्ये शब्दरचना बदलली आणि २९ जूनला सरकारने माघार घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सहा वर्षांच्या लेकराच्या माथी तिसरी भाषा मारू नका, हा त्या आंदोलनाचा सर्वांत पटण्याजोगा मुद्दा होता. मात्र त्या सगळ्या चर्चेत एक मूल कुणालाच दिसले नाही. वार्शाच्या डोंगरातल्या पाड्यावरचे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी हीच त्याची दुसरी भाषा असते. २००० सालापासून पहिलीत आलेली इंग्रजी ही तिसरी. म्हणजे हिंदी त्याला चौथी झाली असती. ‘मातृभाषेतून शिक्षण’ असे फलक धरून मोर्चे निघाले, तेव्हा त्या फलकावर मातृभाषा म्हणजे मराठी असे गृहीत होते. या मुलाच्या आईची भाषा निराळी आहे. संविधानाच्या ३५० क कलमात, १९५६च्या सातव्या दुरुस्तीने, भाषिक अल्पसंख्य गटातल्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा असे सांगितले आहे. ओडिशाने २००६च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षण सुरू केले आणि पुढे ती संख्या एकवीसवर नेली. ओडिशा आपल्याहून श्रीमंत राज्य नाही.

‘अहिराणी ही तर मराठीचीच बोली, तिला वेगळे काय द्यायचे?’ असे मंत्रालयात कुणी म्हणेल. हा वाद जुना आहे आणि मी तो सोडवायला बसलेलो नाही. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात मराठीला स्वतंत्र खंड दिला आणि अहिराणीला खानदेशी या नावाने १९०७ मध्ये भिल्ल भाषांच्या खंडात बसवले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडच्या सर्वेक्षणात ती मराठीच्या बोलींबरोबर आहे. जनगणना अहिराणीला खानदेशी या वेगळ्या भाषेखाली मोजते आणि मावची, पावरी यांना भिलीखाली. २०११च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार होते आणि भिली गटाचे १ कोटी ४ लाखांहून अधिक. केंद्राच्या मोजणीत वेगळी भाषा, राज्याच्या व्यवहारात बोली. वेगळी म्हणून केंद्र काही देत नाही, आपलीच म्हणून राज्य काही देत नाही.

आठव्या अनुसूचीचीही मागणी मी करत नाही. १९६७ मध्ये सिंधी, १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी, २००३च्या दुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाली, अशी ती वाढत गेली. त्यातल्या बोडो आणि मणिपुरी बोलणाऱ्यांपेक्षा खानदेशीवाले संख्येने जास्त आहेत, आणि भिली तर अनुसूचीबाहेरची देशातली सर्वांत मोठी भाषा आहे. तरी ती रांग दिल्लीत आहे आणि फार लांब आहे. राज्याला हवे तर तिच्याशिवाय बरेच करता येते. कलम ३४५ नुसार राज्य विधिमंडळ राज्यात वापरात असलेली कोणतीही एक किंवा अनेक भाषा सरकारी कामासाठी स्वीकारू शकते, ती अनुसूचीत असलीच पाहिजे असे बंधन नाही. छत्तीसगडने २००७ मध्ये छत्तीसगढी स्वीकारली. मेघालयात खासी आणि गारो आहेत. झारखंडने संथालीबरोबर हो, मुंडारी, कुडुख, नागपुरी अशा अनेक भाषांना द्वितीय राजभाषा केले.

नुसत्या घोषणेने काय होते, तेही जगाकडे पाहून कळते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या संविधानात अकरा राजभाषा आहेत आणि २०२३ मध्ये सांकेतिक भाषा बारावी झाली. इतका उदार दस्तऐवज दुसरा सापडणे कठीण. तरी २०१७ मध्ये तिथल्या न्यायप्रमुखांनी न्यायालयीन नोंदींसाठी फक्त इंग्रजी ठरवली. बाराही भाषा संविधानात आहेत आणि खिडकीवर एकच, असे तिथे अनेक ठिकाणी दिसते. बोलिव्हियाच्या २००९च्या संविधानात स्पॅनिशबरोबर ३६ मूलनिवासी भाषांची नावे आहेत. मात्र त्याच कलमात एक व्यवहारी वाक्य आहे: प्रत्येक प्रांतिक सरकारने किमान दोन भाषा वापरायच्या, एक स्पॅनिश आणि दुसरी त्या भागातल्या लोकांची गरज पाहून.

मला सर्वांत उपयोगाचा वाटतो तो फिनलंड. तिथे स्वीडिश बोलणारे देशात पाच टक्क्यांच्या आसपास. त्यांच्यासाठी अख्ख्या देशाला प्रत्येक ठिकाणी दोन भाषा वापरायला लावलेले नाही. एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेचे लोक आठ टक्के किंवा तीन हजार असले की ती नगरपालिका द्विभाषिक ठरते, आणि दर दहा वर्षांनी आकडे पाहून यादी नव्याने ठरते. भाषा मोठी की छोटी, तिला किती साहित्य आहे, ती बोली आहे का, यावर तिथे वाद घालत बसत नाहीत. आपल्याला असाच, गाव आणि मंडळ पाहून चालणारा नियम हवा आहे. मग ‘आज अहिराणी, उद्या बारा कोसांवरची प्रत्येक बोली’ ही भीतीही उरत नाही. जिथे आकडा भरेल तिथे सोय, जिथे भरणार नाही तिथे नाही.

दुसरा आक्षेप प्रमाणीकरणाचा. कोणती अहिराणी? बागलाणची, साक्रीची, की तापीकाठची? स्वित्झर्लंडमधल्या रोमान्शचा अनुभव इथे कामाला येतो. १९३८ मध्ये ती राष्ट्रीय भाषा झाली, पण तिची लिखित रूपे पाच. १९८२ मध्ये सर्वांसाठी एक प्रमाण रूप तयार केले आणि शाळेत तेच लावू पाहिले, तर गावे बिथरली आणि बऱ्याच शाळा आपापल्या रूपाकडे परत गेल्या. त्यातून घ्यायचा धडा असा की, लिहिण्याच्या भानगडीत आधी पडूच नये. बोलण्यापासून सुरुवात करावी. दवंडीला प्रमाणलेखन लागत नाही. लिहिण्याची सोय हळूहळू होत आहेच. डॉ. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी शब्दकोश आहे, डॉ. सुधीर देवरे यांनी ‘ढोल’सारखे नियतकालिक चालवले, वाहरू सोनवणे यांनी भिल्लांचे जगणे कवितेत आणले, अहिराणीची साहित्य संमेलने होतात. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. घरच्या बोलीत ओव्या रचणाऱ्या बाईचे नाव विद्यापीठाच्या कमानीवर चालते, तर तिच्यासारखी बोलणारी बाई खिडकीवर चालायला हवी.

तिसरा आक्षेप आमच्याच घरातून येतो, आणि तो मी हलका मानत नाही. आईबाप म्हणतात, पोराला अहिराणी येतेच, शाळेत इंग्रजी शिकवा. त्यांचे बरोबर आहे. नोकरी अहिराणीत मिळत नाही. म्हणून माझी मागणी माध्यम बदलण्याची नाही. पहिली-दुसरीत समजावून सांगण्याची भाषा मुलाची असावी आणि तिथून त्याला मराठीत हाताला धरून आणावे, एवढेच. पाया पक्का झालेले मूल इंग्रजीही लवकर उचलते. आणि एक गोष्ट आम्हा अहिराणीवाल्यांनीही ऐकावी. मराठीने अहिराणीला गावंढळ म्हटले की आम्हाला झोंबते, पण बाजारात कोकणी किंवा भिल्ली बोलणाऱ्याची नक्कल करून हसणारे आमच्यातलेच असतात. अहिराणीला जागा मिळाली आणि कोकणी-भिल्ली बाहेरच राहिल्या, तर आम्ही फक्त आमची पायरी वर सरकवली असे होईल.

भाषेच्या वादात बोलणारा माणूसच कसा विसरला जातो, याचे उदाहरण डोंगरापलीकडच्या डांगात आहे. १९४९ मध्ये मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई डांगात जाऊन आले आणि तिथली बोली गुजरातीला जवळची ठरली. मराठी पक्षाने ती मराठीचीच असल्याचे पुरावे दिले. दहा वर्षे रस्सीखेच चालली. १ मे १९६० रोजी डांग गुजरातेत गेला, पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा भागातली काही गावेही गेली. तेव्हा दोन्ही बाजूंचे विद्वान डांगी माणसाच्या वाक्यातले प्रत्यय मोजत होते. त्याची भाषा कुणाची हा प्रश्न दोघांनाही महत्त्वाचा वाटला, त्या भाषेत त्याच्याशी कोण बोलणार हा प्रश्न दोघांनीही विचारला नाही. पलीकडच्या शाळेत गुजराती आली, अलीकडच्या शाळेत मराठी राहिली. दोन्हीकडची मुले एकाच बोलीत घरी परतत राहिली.

याच टापूतला एक मुलगा मात्र राज्यकर्ता होऊन निराळा वागला. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. घराणे मराठी, दरबारी मंडळी मराठी, रयत बहुतांश गुजराती. त्यांनी राज्यकारभारात गुजराती आणली. पुढे १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढवला. त्याने मराठी बुडाली नाही. उलट बडोदे मराठी ग्रंथप्रकाशनाचे आणि विद्येचे एक मोठे केंद्र झाले. रयतेच्या भाषेत कारभार केल्याने राजाची भाषा लहान होत नाही, याचा पुरावा आपल्याच माणसाने देऊन ठेवला आहे.

महोदय, आता मागण्या. त्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत, म्हणजे ‘तत्त्वतः मान्य’ असा शेरा मारून बाजूला ठेवता येणार नाहीत.

पहिली. कलम ३५० प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते. अहिराणी, कोकणी, मावची किंवा भिल्लीत, देवनागरीत लिहिलेला अथवा तोंडी सांगितलेला अर्ज नाकारू नये, असे परिपत्रक धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांसाठी काढा. तोंडी अर्ज कर्मचाऱ्याने लिहून घ्यावा आणि वाचून दाखवावा. उत्तर मराठीत चालेल.

दुसरी. १५ टक्क्यांचा निकष ग्रामपंचायत आणि महसूल मंडळाच्या पातळीवर लावा. जिथे तो भरतो तिथे पेसा, वनहक्क, भूसंपादन, रेशन आणि आरोग्य यांसंबंधीची प्रत्येक सूचना स्थानिक भाषेत ध्वनिमुद्रित करून ग्रामसभेत ऐकवा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. ठराव कोणत्या भाषेत समजावला याचा रकाना इतिवृत्तात घाला. तो रकाना रिकामा असेल तर ठराव अपुरा धरा.

तिसरी. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये, पोलीस ठाणी आणि तहसील कचेऱ्या यांत दुभाषी नेमा. पूर्णवेळ पदे नकोत, स्थानिक शिकलेल्या मुला-मुलींना दिवसाच्या मानधनावर घ्या. पोलिसांच्या बाबतीत तर ही सोय कायद्याच्या गाभ्याशी जाते. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, नागपूरच्या हिंदी जाणणाऱ्या स्थानबद्धाला इंग्रजीत कारणे दिली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याला चुकीचे ठरवले होते. माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले नाही तर ते कळवलेच नाही, हे तत्त्व आपल्या राज्याच्या पराभवातून कायद्यात आले आहे.

चौथी. पेसा क्षेत्रातल्या तलाठी, शिक्षक, आरोग्यसेवक वगैरे १७ संवर्गांच्या पदांची भरती न्यायालयात आणि आंदोलनांत बराच काळ अडकली. ती मार्गी लागताना स्थानिक भाषा येण्याला गुण द्या. बाहेरून बदलून येणाऱ्यांना सहा आठवड्यांचा बोलीचा वर्ग द्या. बाजारातला प्रत्येक व्यापारी ही भाषा कामापुरती शिकतो, सरकारी नोकरालाही ती शिकता येईल.

पाचवी. बालभारतीने पहिली आणि दुसरीसाठी कोकणी-मराठी, मावची-मराठी, भिल्ली-मराठी आणि अहिराणी-मराठी अशी जोडपुस्तके काढावीत. ती इथल्या शिक्षकांकडून लिहून घ्यावीत, पुण्यात बसून नव्हे.

सहावी आणि सर्वांत तातडीची. जनगणनेची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. २००१ मध्ये खानदेशी बोलणारे सुमारे २० लाख ७५ हजार नोंदले गेले होते, २०११ मध्ये त्यांतले दोन लाखांहून अधिक कमी झाले. खानदेशातली माणसे कमी झालेली नाहीत, मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते ते बदलले असण्याचा संभव अधिक. प्रगणकाने घरच्यांना विचारून, ते जे सांगतील ते नाव लिहावे, आपल्या मनाने ‘मराठी’ लिहून पुढे जाऊ नये, असे प्रशिक्षण त्यांना मिळावे यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. मराठीचा आकडा त्याने थोडा कमी झाला तरी चालेल. महाराष्ट्रात मराठीला आकड्यांच्या उसनवारीची गरज नाही.

खर्च किती येईल असे वित्त विभाग विचारील. त्यांना सांगा, हा खर्च आजही होतो आहे. फक्त तो पाड्यावरची बाई एजंटाला करते. शासनाने तो आपल्या वहीत आणावा.

आपण या पत्राला उत्तर द्यावे, मराठीतच द्यावे. ते ग्रामसभेत अहिराणीत आणि कोकणीत वाचून दाखवायला इथे माणसे आहेत आणि ती मानधनही मागणार नाहीत. पण ज्या दिवशी मागतील, त्या दिवसासाठी अंदाजपत्रकात तरतूद करून ठेवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पिंपळनेरचा एक मतदार
(ता. साक्री, जि. धुळे)